शकुनाचे फासे आणि खेळाचीं पानें

गतवर्षीं माघ महिन्यांत जुन्नर येथील एका संग्राहक मित्राचें आम्हांस बोलावणें आलें. पुण्यांतील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून त्यांनीं एक लांकडी डबी विकत घेतली होती. डबींत लाखेचें रोगण दिलेलीं, रंगविलेलीं गोल पानें होतीं. व्यापाऱ्यानें त्यांस 'प्राचीन हिंदु टॅरो' असें नांव देऊन तदनुरूप किंमत घेतली होती; आणि डबीबरोबर त्याच फडक्यांत बांधलेलें एक लहानसें बाड, त्याचा कांहीं उपयोग नाहीं म्हणून, फुकट दिलें होतें. मित्राचा प्रश्न असा होता कीं, या पानांवरून आपले पूर्वज प्रश्न कसे पाहत, याची रीति कोठें लिहिलेली सांपडेल काय?

आम्हीं डबी व बाड दोन्ही आठ दिवस ठेवून घेतलीं. निर्णय थोडक्यांत असा आहे: डबींतील पानें शकुनाचीं नाहींत, तीं खेळाचीं आहेत, आणि जें बाड फुकट आलें तेंच शकुनाचें आहे. म्हणजे ज्याची किंमत दिली तें मागितलेल्या प्रकारचें नव्हे, व जें मागितलें होतें तें बिनकिंमतीचें ठरून बाजूस पडलें होतें. असा घोटाळा एकट्या या मित्राचाच झाला असता तर त्याविषयीं लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु पत्त्यांवरून व टॅरोच्या पानांवरून रोजच्या व्यवहाराचा सल्ला घेण्याची आवड हल्लीं शहरांतून वाढली आहे. आणि तिच्या मागोमाग आपल्याकडील प्रत्येक जुन्या पानास भविष्य सांगण्याचें साधन समजण्याची प्रवृत्तिहि वाढूं लागली आहे. म्हणून या दोन वस्तूंचा वेगवेगळा विचार करून तो संग्राहकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम टॅरोसंबंधीं. हीं पानें ईजिप्तच्या पुरातन गूढ विद्येचा अवशेष आहेत, असा समज सर्वत्र पसरला आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. टॅरोचा संच ७८ पानांचा. त्यांत चार रंगांचीं ५६ पानें व त्यांहून निराळीं, चित्रांचीं २२ पानें असतात. हा संच इ. स. १४४० च्या सुमारास उत्तर इटालींत खेळाकरितां निघाला, आणि पुढें तीनशें वर्षे तो मुख्यतः खेळाचाच संच राहिला. चित्रांचीं पानें हीं त्या खेळांतील हुकमाचीं पानें होत. मायकेल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञानें इ. स. १९८० सालीं या खेळावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून ही गोष्ट सप्रमाण दाखविली आहे. ईजिप्तची कथा प्रथम फ्रान्समधील कूर द जेबलॅं यानें इ. स. १७८१ सालीं मांडली. ईजिप्तची चित्रलिपि शांपोल्यों यानें उलगडली ती इ. स. १८२२ मध्यें. म्हणजे ज्या काळीं त्या लिपींतील एक ओळहि कोणास वाचतां येत नव्हती, त्या काळीं त्या लिपीच्या देशाचा ग्रंथ या पानांत असल्याचें सांगितलें गेलें. पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचें छापील पुस्तक त्याआधीं थोडीं वर्षें, इ. स. १७७० सालीं, 'एत्तेय्या' हें नांव धारण करणाऱ्या एका गृहस्थानें पॅरिस येथें काढलें होतें. पण तें टॅरोवर नसून ३२ पत्त्यांच्या साध्या जोडावर होतें. टॅरोवरील त्याचें पुस्तक जेबलॅंच्या ग्रंथानंतरचें आहे. आज पुण्या-मुंबईंत जो चित्रमय संच बहुधा दिसतो त्याचीं चित्रें तर पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनें काढलेलीं असून तो लंडन येथें इ. स. १९०९ मध्यें निघाला. तात्पर्य, खेळाचें पान शकुनाचें होण्यास युरोपांतहि तीन शतकें लागलीं.

आतां डबींतील पानांकडे वळूं. हीं दशावतारी गंजिफाचीं पानें आहेत. पूर्ण संच १२० पानांचा असतो: मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध व कल्कि असे दहा रंग, आणि प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एकापासून दहापर्यंत पानें. मित्राच्या डबींत ८७ पानें उरलीं आहेत. गंजिफाचा उल्लेख बाबराच्या आत्मवृत्तांत येतो, इ. स. १५२७ मध्यें त्यानें सिंधमधील शाह हसन यास त्याच्या मागणीवरून हीं पानें पाठविलीं. अकबराच्या दरबारांतील गंजिफाचें वर्णन अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत केलें आहे. मोगली संच ९६ पानांचा व आठ रंगांचा. आपल्याकडे त्यास चंगकांचनी म्हणत. अवतारांचे रंग घातलेला संच हा त्याच खेळाचा हिंदु अवतार होय. सावंतवाडी येथें ही कला टिकली, आणि ती लोपण्याच्या वाटेवर असतां विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील शिवरामराजे भोंसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं तीस पुन्हां आश्रय दिला, ही गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे.

व्यापाऱ्यानें मित्रास दोन गोष्टी पुरावा म्हणून सांगितल्या होत्या. पहिली ही कीं, या पानांत दिवसा राम व रात्रीं कृष्ण 'बोलतो'. दुसरी ही कीं, कांहीं रंगांत एका ठिपक्याचें पान दहांपेक्षां श्रेष्ठ असतें, म्हणजे त्यांत कांहीं उलटी गूढ गणना आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अनुमान मात्र खोटें आहे. दिवसा ज्याच्या हातीं रामाचा राजा असेल त्यानें व रात्रीं ज्याच्या हातीं कृष्णाचा राजा असेल त्यानें पहिली उतारी करावी, असा खेळाचा नियम आहे. मोगली खेळांतहि दिवसा सुर्ख म्हणजे सोन्याच्या नाण्याचा व रात्रीं सफेद म्हणजे रुप्याच्या नाण्याचा रंग प्रथम चालतो. प्रारंभ कोणीं करावा हा तंटा मिटविण्याचा हा उपाय आहे. तसेंच निम्म्या रंगांत दहा श्रेष्ठ व एक कनिष्ठ, आणि उरलेल्या निम्म्या रंगांत त्याच्या उलट, हा क्रम खेळणाराच्या स्मरणशक्तीची परीक्षा व्हावी म्हणून आहे. कोणतें पान पडलें व कोणतें उरलें हें ध्यानांत ठेवणें हाच या खेळाचा कस. जो नियम खेळानें पूर्णपणें उलगडतो त्यास गूढार्थाची जोड देण्याचें कारण नाहीं.

मग आपल्याकडे रोजच्या अडीअडचणींत लोक विचारीत तरी कशास? याचें उत्तर बाडांत आहे. पण तें वाचण्यापूर्वीं फाशांची परंपरा थोडी पाहिली पाहिजे.

वेदकालीं अक्ष म्हणून जीं फळें टाकीत तीं बेहड्याचीं. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिम डोंगरांत महादेव कोळी लोक हिरडा गोळा करून बाजारांत आणतात, त्या हिरड्याचा सोबती तो हा बेहडा. फळांच्या संख्येस चारांनीं भागून जी बाकी उरे तीवरून कृत, त्रेता, द्वापर व कलि हीं डावांचीं नांवें पडलीं. युगांस तीं नांवें मागाहून मिळालीं. नाणेघाटांतील सातवाहनांच्या शिलालेखांत ज्या यज्ञांचा निर्देश आहे त्यांत अग्न्याधेय हा एक आहे, आणि अग्न्याधेयांत फासे खेळण्याचा विधि श्रौतसूत्रांनीं सांगितलेला आहे. तेव्हां आमच्या या प्रांतांत फाशांस धर्मविधींत स्थान होतें, असें मानावयास दोन हजार वर्षांपूर्वींचा आधार घराजवळच आहे.

फाशांवरून प्रश्न पाहण्याचा संस्कृत ग्रंथ म्हणजे पाशककेवली. ती गर्गाच्या नांवावर चालते. वेबर या जर्मन पंडितानें इ. स. १८५९ मध्यें तिच्यावर प्रथम लिहिलें. पुढें इ. स. १८९० सालीं बॉवर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास मध्य आशियांतील कुचा येथें भूर्जपत्रांची एक पोथी मिळाली. ती वैद्यकासाठीं प्रसिद्ध असली तरी तिच्या सात भागांपैकीं चौथा व पांचवा भाग पाशककेवलीचेच आहेत, हें हॉर्नले यांच्या आवृत्तीवरून सर्वांस कळलें. पोथीचा काळ सामान्यतः इ. स. चें सहावें शतक धरतात. चार बाजूंचा फासा तीन वेळ टाकावयाचा, अथवा तीन फासे एकदम टाकावयाचे. प्रत्येकावर १ ते ४ पैकीं एक अंक पडणार. म्हणून चार गुणिलें चार गुणिलें चार, अशीं ६४ उत्तरें. प्रश्न विचारणारानें अंक पाहून आपलें उत्तर वाचून घ्यावयाचें.

या गणिताचा आम्हांस प्रत्यक्ष उपयोग झाला. मित्राचें बाड उभें असून वरच्या बाजूस शिवलेलें आहे. मजकूर बाळबोध मराठींत, मोठ्या व जाड अक्षरांत आहे. समासांतील टिपा मोडींत व निदान दोन हातांच्या आहेत. ग्रंथनाम नाहीं, कारण पहिलें पान नाहींसें झालें आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या डाव्या बाजूस तीन आंकडी संख्या आहे. मित्रानें त्या हिशेबाच्या रकमा समजून बाडास जमाखर्चांत टाकलें होतें. त्यांच्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एका जाणत्या गृहस्थांनीं परिच्छेद मोजले, ते ५६ भरले. त्यावरून वराहमिहिराचा पुत्र पृथुयशस् याची षट्पंचाशिका ती हीच, असा तर्क त्यांनीं केला. तर्क चतुर आहे, कारण षट्पंचाशिका हाहि प्रश्नाचाच ग्रंथ आहे. परंतु ती ग्रहांवरून प्रश्न पाहते, आणि या बाडांत ग्रहाचें नांवहि नाहीं. शिवाय संख्या नीट पाहिल्या तर त्यांत शून्य कोठेंच नाहीं, आणि पांच किंवा त्याहून मोठा अंकहि नाहीं. १११ पासून सुरुवात होऊन ४४४ वर शेवट होतो. मध्यें ३११ ते ३१४ व ३२१ ते ३२४ या आठ संख्या नाहींत, आणि त्याच ठिकाणीं एक पान गळाल्याची खूण शिवणींत स्पष्ट दिसते. ५६ आणि आठ मिळून ६४. बाड पाशककेवलीच्या कुळांतील आहे, याविषयीं संशय उरत नाहीं.

दुसरी परंपरा रमलाची. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ वाळू असा आहे. वाळूवर ठिपके मारून, ते सम कीं विषम हें चार ओळींत पाहून आकृति काढीत. चार ओळी, प्रत्येकीस दोन शक्यता, म्हणून १६ आकृति. पुढें वाळूच्या जागीं सळईंत ओंविलेले धातूचे फासे आले. संस्कृत पंडितांनीं हें शास्त्र आपलेसें केलें, तरी आकृतींचीं 'लह्यान' इत्यादि अरबी नांवें तशींच राहूं दिलीं. जुन्नर हें निजामशाहीचें मूळ ठाणें, इ. स. १४९० मध्यें मलिक अहमदानें येथूनच स्वतंत्र सत्ता स्थापिली, आणि अहमदनगर त्यानंतर वसलें. फारसी-अरबी विद्या व संस्कृत विद्या ज्या पेठेंत शेजारीं नांदल्या, तेथें रमलासारखें मिश्र शास्त्र परकें वाटण्याचें कारण नव्हतें. आमच्या बाडाच्या शेवटच्या दोन पानांवर या १६ आकृति ठिपक्यांनीं काढलेल्या आहेत. त्यांखालीं अर्थ नाहीं. फक्त 'बरें', 'मध्यम', 'वाईट' एवढेंच लिहिलें आहे. लिहिणारास शास्त्र नको होतें, निकाल हवा होता.

तिसरा प्रकार पोथींतील नव्हे, देवळांतील. देवाच्या मूर्तीस फुलें किंवा तांदळाचे दाणे लावून कौल मागणें, उजवा पडला तर होकार व डावा पडला तर नकार समजणें. सुपांत धान्य पसरून चिमटींत आलेले दाणे मोजणें. देवापुढें चिठ्ठ्या टाकून पोराकडून एक उचलविणें. या रीति डोंगरापासून पेठेपर्यंत सर्वांस परिचित आहेत. भावाभावांची वांटणी चिठ्ठीनें करण्याची चाल तर न्यायाच्या दृष्टीनेंहि निर्दोष आहे. तींत कोणी भविष्य विचारीत नाहीं, पक्षपात टाळतो. उत्तरेकडील रामशलाकेचा कोठा हा याच वर्गांतला, पण लेखी. पंधरा गुणिलें पंधरा अशा २२५ घरांत एकेक अक्षर असतें. बोट ठेवावें त्या घरापासून दर नववें अक्षर घेत गेलें म्हणजे तुलसीदासाच्या रामायणांतील नऊ चौपायांपैकीं एक निघते.

आणि पानांवरून भविष्य पाहण्याचा आपल्या डोळ्यांनीं पाहिलेला एकच देशी प्रकार म्हणावयाचा तर तो पोपटवाल्याचा. नारायणगांवीं पाडव्यापूर्वीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे लोक जत्रेची सुपारी देण्यास येतात. अशा गर्दींत आमच्या लहानपणीं पिंजरा व पाकिटांची ओळ मांडून पोपटवाला बसलेला असे. पोपट बाहेर येऊन एक पाकीट चोंचीनें ओढी, धनी त्यांतील देवाचें चित्र दाखवून मजकूर वाची, आणि पोपट दाणा घेऊन पिंजऱ्यांत परत जाई. इ. स. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील पुढील दुरुस्त्या यांमुळें पोपट बाळगणें गुन्हा ठरलें, आणि हा धंदा विरळ झाला. टॅरो सांगणाराचें काम व पोपटवाल्याचें काम यांत साधनांचा फरक आहे, कृतीचा नाहीं.

यावरून संग्राहकांच्या ध्यानांत एक गोष्ट यावी. साधन कोणतेंहि असो, १६ आकृति, ६४ फासे किंवा ७८ पानें, रचना एकच आहे. प्रथम मर्यादित शक्यतांचा एक कोठा. मग त्यांतून एक निवडण्याची अशी रीति, कीं जींत मनुष्याची इच्छा चालत नाहीं. आणि शेवटीं त्या शक्यतेस जोडलेलें, पुष्कळ प्रश्नांस लागू पडेल असें वाक्य. पाशककेवलीच्या उत्तरांचा सांचा ठरलेला आहे. आरंभीं विचारणाराच्या मनांत चिंता आहे असें सांगावयाचें. मग ती इतक्या दिवसांनीं फिटेल किंवा फिटणार नाहीं असें सांगावयाचें. मग अमुक देवाची पूजा करावी असा उपाय. आणि शेवटीं खूण, कीं तुझ्या अंगावर अमुक ठिकाणीं तीळ आहे किंवा तूं अमुक स्वप्न पाहिलेंस. बाडांतील मराठी उत्तरेंहि याच चौकटींत बसतात. चिंता नसती तर मनुष्य विचारावयास आलाच नसता. तेव्हां पहिलें वाक्य नेहमींच खरें ठरतें, आणि एक खरें ठरलें म्हणजे पुढचीं मान्य होतात. यांत विद्या असेल तर ती मनुष्यस्वभावाची आहे, भविष्याची नव्हे. जो पोरकटपणें नक्षत्रांस फार विचारीत बसतो त्यास अर्थ सोडून जातो, असा अभिप्राय कौटिल्यानें दिला आहे. आमचेंहि मत त्याहून निराळें नाहीं.

मग या बाडांस जपावें कां? तीं खरें सांगतात म्हणून नव्हे. लोकांनीं काय विचारलें हें सांगतात म्हणून. बखरी व कारभारी पत्रें यांतून स्वाऱ्या, वतनें व तह कळतात. शेतकरी, हमाल, विधवा, परगांवीं गेलेल्याची बायको, यांच्या मनांतील काळज्या त्यांत क्वचित् येतात. शकुनाच्या बाडांत मात्र त्याच येतात. मित्राच्या बाडांतील मोडी टिपा आम्हीं लावून पाहिल्या. घोडेगांव, मंचर, जुन्नर पेठ व घाटाखालचीं कांहीं ठिकाणें यांचीं नांवें त्यांत आहेत. म्हणून बाड याच प्रांतांतील होय. विचारणाराचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं. 'बाई', 'म्हातारा', 'वाणी', 'कोळी' एवढाच निर्देश. प्रश्न असे: बैल चुकला तो कोणत्या दिशेस, सोयरीक करावी कीं न करावी, घाट उतरून मीठ आणावयास जावें कीं थांबावें, सावकाराचा तगादा कधीं टळेल, पाऊस केव्हां लागेल. फासा पडला तो अंक पुढें दिला आहे, आणि कांहीं ठिकाणीं मागाहून निकालहि नोंदला आहे. 'बैल सांपडला' असें जसें आहे तसें 'सांपडला नाहीं' असेंहि आहे. बाड बाळगणारा मनुष्य प्रामाणिक होता, हें मान्य केलें पाहिजे. ज्यास केवळ लोकांस फसवावयाचें आहे तो आपल्या चुका लिहून ठेवीत नाहीं.

एकाच ठिकाणीं शक दिला आहे, तो १८१८. पौषांत एक बाई आली: 'माणूस मुंबईस, खबर नाहीं.' अंक १३४. त्या अंकाचें उत्तर बाडांत आहे. गेलेला महिन्यांत घर पाहील, असा त्याचा भाव. पुढें टीप: 'आला नाहीं.' माघांत तोच प्रश्न, अंक २१२. उत्तर मध्यम, टीप: 'खबर नाहीं.' फाल्गुनांत पुन्हां तोच प्रश्न, अंक ३२१. त्यापुढें टीप नाहीं, आणि ३२१ चें उत्तर गळालेल्या पानावर होतें.

शके १८१८ चा पौष म्हणजे इ. स. १८९७ चा आरंभ. मुंबईंत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरांत उघडकीस आला, आणि त्या हिंवाळ्यांत लाखों लोक शहर सोडून निघाले. त्याच वर्षीं दुष्काळहि होता. साथीच्या रोगांचा कायदा १८९७ च्या फेब्रुवारींत झाला. जुन्नर-आंबेगांवकडील माणसें पोटासाठीं मुंबईस जाण्याची रीत जुनी. हुतात्मा बाबू गेनू, जे १९३० सालीं मुंबईंत परदेशी मालाच्या मोटारीपुढें आडवे होऊन मरण पावले, ते याच आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ गांवचे गिरणीकामगार होते. प्लेगाविषयीं सरकारी अहवाल आहेत, तारा आहेत, मृतांचे आंकडे आहेत. परंतु डोंगराखालच्या एका घरांत तीन महिने काय चाललें होतें, याचा कागद आमच्या पाहण्यांत हा एकच आहे. तिला फाल्गुनांत काय उत्तर मिळालें, तें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. पान मुद्दाम फाडलें असेल असें म्हणण्यास आधार नाहीं. शिवणीचा दोरा त्या ठिकाणीं कुजला आहे, एवढेंच दिसतें.

या ठिकाणीं स्वतःची एक गोष्ट सांगणें भाग आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम भागांत एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत होतों. एके दिवशीं सातवींतील एका मुलानें आजाचें असेंच एक उभें बाड वर्गांत आणलें, आणि त्यांतील संख्या काय आहेत तें विचारलें. आम्ही तरुण होतों, सुधारणेचा आवेश होता. आम्हीं दोन पानें उलटलीं, 'हे फाशांचे शकुन, अज्ञानाचा कचरा. असल्यावर विश्वास ठेवणारे मागें राहतात' असें सर्व वर्गादेखत सांगितलें, व बाड परत दिलें. मुलगा आज्ञाधारक होता. दुसऱ्या दिवशीं त्यानें अभिमानानें येऊन सांगितलें कीं, घरीं पाणी तापवितांना तें चुलींत घातलें. आम्हीं त्यास शाबासकी दिली. पुढें घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव व आसपासच्या वस्त्या विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गेल्या. घरें हलतांना जे कागद उरले होते त्यांपैकीं किती वांचले असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. पाण्यानें जें नेलें त्यास उपाय नव्हता. चुलींत गेलें त्यास आम्ही कारण झालों. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर, कीं या संख्या चारांच्या घनाच्या आहेत, हें त्या वेळीं पांच मिनिटांत सांगतां आलें असतें. त्यानें शकुनावरील त्याचा विश्वास वाढला नसता. उलट गणितानें तो कमीच झाला असता, आणि बाडहि राहिलें असतें.

म्हणून संग्राहकांस कांहीं सूचना करून हा लेख पुरा करतों. ज्या बाडांत तीन आंकडी संख्या असून शून्य व चारांहून मोठा अंक नाहीं, तें जमाखर्चाचें नव्हे. तें शकुनाचें म्हणून निराळें काढावें. चार ओळींत एक-दोन ठिपक्यांच्या आकृति दिसल्यास रमल समजावें. पंधरा-पंधरा घरांचा अक्षरांचा चौकोन दिसल्यास रामशलाका. जुन्या पेट्यांतून लांबट फासे मिळतात, तेव्हां त्यांवरील ठिपके मोजावे: सोंगट्यांच्या फाशांवर बहुधा १, २, ५, ६ अथवा १, ३, ४, ६ असे ठिपके असतात, १, २, ३, ४ असा अनुक्रम असेल तर तो फासा शकुनाचा असण्याचा फार संभव आहे. असा फासा बाडापासून वेगळा करूं नये, आणि विकत घेतांना दोन्ही कोणत्या घरांतून आलीं तें लिहून घ्यावें. समासांतील मोडी टिपा मजकुराहून अधिक मोलाच्या समजाव्या व त्यांचीं छायाचित्रें प्रथम घ्यावीं. गंजिफाचा संच मिळाल्यास तो गंजिफा म्हणूनच नोंदावा. त्या खेळाची योग्यता त्याला टॅरो म्हटल्यानें वाढत नाहीं.

मित्रानें डबी व्यापाऱ्यास परत करण्याचा विचार केला होता, तो आमच्या सांगण्यावरून सोडून दिला. पानें सुंदर आहेत व खेळण्याजोगीं आहेत. बाड नवीन शिवणीसाठीं दिलें आहे. गळालेल्या पानाच्या जागीं तितक्याच मापाचें कोरें पान घालण्यास आम्हीं सांगितलें असून, त्यावर कांहीं लिहूं नये अशी सूचना दिली आहे. जुन्नर, घोडेगांव, मंचर या बाजूच्या कोणा वाचकाच्या घरीं असें बाड असेल, आणि त्यांत ३११ पासून ३२४ पर्यंतचीं उत्तरें शाबूत असतील, तर त्यांची नक्कल मिळाल्यास आम्ही उपकृत होऊं. तीं त्याच पाठाचीं ठरलीं तर त्या बाईला फाल्गुनांत काय वाचून दाखविलें गेलें, एवढें तरी कळेल.